फळ नसलेली चव

पेयांचे फ्लेवर तयार करणं हा माझा व्यवसाय. आमच्याकडे ग्राहकांच्या मागण्या येतात त्या नावानं: आंबा, लिची, संत्रं, जिरा, कोला. बहुतेक मागण्यांवर लगेच कामाला लागता येतं, कारण काय गाठायचं ते ठरलेलं असतं. यादीत 'क्रीम सोडा' दिसला की मात्र मी आधी फोन उचलते आणि विचारते, "कुठल्या देशासाठी?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. उत्तर दक्षिण आफ्रिका असेल तर पेय हिरवंगार होणार. कॅनडा असेल तर गुलाबी. न्यूयॉर्क असेल तर कॅरॅमलचा तपकिरी. जपानी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर खरबुजाच्या चवीचा हिरवा सोडा आणि त्यावर तरंगणारा आईसक्रीमचा गोळा असतो. मागणी आपल्याच मिरज-कोल्हापूरकडची असेल तर नावच बदलतं. तिथे तो 'आईसक्रीम सोडा' असतो, बहुधा पाण्यासारखा स्वच्छ किंवा अगदी फिकट पिवळा.

ही सगळी पेयं गोड, गॅसवाली आणि व्हॅनिलाच्या वासाची. तरीही जोहान्सबर्गच्या माणसाला न्यूयॉर्कची बाटली दिली तर तो ती बाजूला ठेवील, आणि न्यूयॉर्कचा माणूस हिरवी बाटली पाहून हे काय म्हणून विचारील. या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला क्रीम सोड्याबद्दल जी ओढ वाटते तिचं कारण इथेच आहे. संत्र्याच्या पेयाबद्दल वाद झाला तर संत्रं सोलून समोर ठेवता येतं. आंब्याच्या पेयाला हापूस न्याय देतो. क्रीम सोड्यासाठी असं झाडावरून काढून दाखवता येईल असं काही नाही. व्हॅनिलाची शेंग आहे खरी, पण नुसत्या शेंगेचा अर्क सोड्यात घातला तर जगातला एकही माणूस त्याला आपला क्रीम सोडा म्हणणार नाही. चव बरोबर की चूक हे ठरवायला एकच साक्षीदार उरतो, तो पिणारा माणूस.

आज हे पेय इतकं वेगवेगळं का, याचं उत्तर त्याच्या सुरुवातीतच सापडतं. अमेरिकेत मिशिगनच्या एका शेतीविषयक नियतकालिकात १८५२ साली ई. एम. शेल्डन यांची कृती छापली गेली. तिच्यात क्रीम ऑफ टार्टर, एप्सम सॉल्ट, साखर, टार्टरिक आम्ल, अंडं आणि दूध होतं. हे सगळं तापवून पाक करायचा आणि प्यायच्या वेळी पाण्यात मिसळून वरून चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा. १८६५ साली न्यू जर्सीच्या अलेक्झांडर हॉवेल यांनी क्रीम सोडा-वॉटरचं पेटंट घेतलं. त्यात अंड्याच्या पांढऱ्याबरोबर गव्हाचं पीठही होतं, आणि स्वादासाठी लिंबाचं तेल, व्हॅनिला, अननस यांपैकी आवडेल ते घालायची मुभा होती. पुढे १८८५ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या जेम्स विल्यम ब्लॅक यांनी पेटंट घेतलं ते अंड्याचा पांढरा भाग आणि लिंबू यांच्या पाकाचं.

मी या कृती पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की या पेयाचा जन्म फेसासाठी झाला. अंडं, पीठ, दूध हे सगळं जिभेवर मऊ, दाट फेस यावा म्हणून. वास कुठला घालायचा हे ज्यानं त्यानं ठरवायचं होतं. पुढे अंडं गेलं, पीठ गेलं, दूध गेलं. कारखान्यात बाटलीबंद करून महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पेयात त्यांना जागा नव्हती. मऊपणाचा आभास मात्र हवा होता, आणि तो देणारा वास म्हणजे व्हॅनिला. दुधाच्या, अंड्याच्या, साखरेच्या गोड पदार्थांशी तो वास इतका जोडला गेलेला होता की बाटलीत दुधाचा थेंब नसतानाही पिणाऱ्याला साय आठवावी.

पण व्हॅनिला पूर्वी स्वस्त नव्हता. मूळचा तो मेक्सिकोचा. तिथले तोतोनाक लोक तो पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर वेल वाढायची, फुलायची, पण मेक्सिकोतले परागीभवन करणारे कीटक तिथे नसल्यानं शेंग धरत नव्हती. १८४१ साली एदमाँ आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं एक बारीक काडी आणि अंगठा वापरून फूल हातानं फळवायची रीत शोधली. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत प्रत्येक फूल जवळपास त्याच रीतीनं, हातानं फळवावं लागतं. जगभरच्या सोड्याला पुरेल इतका व्हॅनिला एवढ्या मेहनतीतून निघणं शक्यच नव्हतं. ती वाट मोकळी झाली १८७४ मध्ये. जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी सूचिपर्णी झाडांतून मिळणाऱ्या कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन बनवून दाखवलं. व्हॅनिलाच्या वासाचा कणा म्हणजे हे व्हॅनिलिन. आता ते कारखान्यात बनू लागलं आणि काही दशकांत गावोगावच्या सोडावाल्याच्या आवाक्यात आलं.

माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, शिकून मी मुंबईतल्या एका फ्लेवर कंपनीत लागले. तिथे आमच्या सरांनी मला दिलेला पहिला मोठा धडा याच पेयाचा होता. त्यांनी व्हॅनिलिन आणि इथाईल व्हॅनिलिन यांचं एक साधं द्रावण करायला लावलं. इथाईल व्हॅनिलिन हे व्हॅनिलिनचं भावंड, वास साधारण तिप्पट तीव्र. द्रावणात कागदाच्या पट्ट्या, आमच्या भाषेत ब्लॉटर, बुडवून सरांनी त्या टेबलावर ओळीनं लावल्या. मग एकेका पट्टीवर वेगळा एकच थेंब टाकायला सांगितलं. पहिल्यावर आयसोअमाईल अॅसिटेट: पट्टी हुंगताच पिकलेलं केळं आणि लहानपणच्या लिमलेटच्या गोळ्या. दुसऱ्यावर गुलाबाचा अंश: लगेच फालुद्याची गाडी. तिसऱ्यावर इथाईल माल्टॉल: जत्रेतला म्हातारीचा कापूस. चौथ्यावर मलईच्या वासाचं एक लॅक्टोन: तूप कढवलेल्या घरासारखा उबदार वास. पाचव्यावर लिंबाच्या सालीचं तेल.

"आता डोळे मिटून सांग, कुठली पट्टी कुठल्या गावची," सर म्हणाले. मला सांगता येईना, कारण मी तेव्हा कुठे गेलेच नव्हते. सरांनी एकेक पट्टी उचलून सांगितलं. पुढे त्या त्या देशांच्या बाटल्या उघडताना मला दरवेळी ती ओळ आठवत राहिली. कणा तोच, वरचा थेंब बदलला की देश बदलतो. अर्ध्या तासानं केळं आणि लिंबू यांचे हलके वास उडून गेले आणि त्या पट्ट्यांना नुसत्या व्हॅनिलिनचा वास यायला लागला. व्हॅनिलिन कागदावर कित्येक दिवस टिकतं. त्या काळात लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बायका विचारायच्या, आज घरी केक केलात का म्हणून.

दक्षिण आफ्रिकेच्या एका छोट्या बॉटलरचं काम माझ्याकडे आलं तेव्हा रंगाची ताकद किती असते ते मला कळलं. तिथे हे पेय 'क्रीम सोडा' म्हणूनच विकलं जातं आणि स्पारलेटा या ब्रँडची हिरवी बाटली घराघरांत माहीत आहे. रात्री जास्त झालेल्या लोकांचा सकाळचा उतारा म्हणून तिला 'हिरवी अॅम्ब्युलन्स' असं लाडकं नावही आहे. त्या बॉटलरकडे चाखणाऱ्यांसमोर आम्ही एकाच फ्लेवरचे दोन नमुने ठेवले, एक बिनरंगाचा आणि एक हिरवा. साखर, गॅस, आम्ल सगळं एकच. बिनरंगाचा पिऊन लोक म्हणाले, व्हॅनिला सोडा चांगला आहे. हिरवा पिऊन म्हणाले, हा क्रीम सोडा. एका बाईंनी तर हिरव्यात फळाचा वास जास्त आहे असं ठामपणे सांगितलं. मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. नाकाला येणारा वास, जिभेवरची गोडी आणि डोळ्यांना दिसणारा रंग मेंदूत एकत्र होऊनच चव बनते. त्यांच्यासाठी हिरवा हा या पेयाचा घटकच होता, साखरेइतका.

याच कामात पुढे साखरेचा प्रश्न आला. दक्षिण आफ्रिकेनं एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर आकार लावला. शंभर मिलिलिटरला ४ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर वरच्या प्रत्येक ग्रॅमवर पैसे. अशा पेयांत एरवी शंभर मिलिलिटरला १० ते १२ ग्रॅम साखर असते. बॉटलरनं साखर निम्म्यावर आणून उरलेली गोडी सुक्रालोजनं भरायचं ठरवलं आणि आम्हाला तोच फ्लेवर तसाच पुरवायला सांगितला. नमुना तयार झाला तेव्हा गोडी कागदोपत्री बरोबर होती, पण व्हॅनिला उघडा पडला होता, कोरडा, लाकडासारखा, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या जवळ जाणारा. साखर नुसती गोडी देत नाही. ती पाण्याला अंग देते, वास हळूहळू सोडते, आणि व्हॅनिलिनच्या कडा झाकते. मग आम्ही व्हॅनिलिन कमी केलं, मलईचं लॅक्टोन थोडं वाढवलं, फळाचा थेंब पुढे आणला. गोड वासानंही गोडी जास्त वाटते हे आमच्या धंद्यातलं जुनं ज्ञान त्या वेळी उपयोगी पडलं. साखर कमी व्हायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती कमी करताना माणसाच्या ओळखीची चव सांभाळणं हेही आरोग्याचंच काम आहे, नाहीतर लोक नवी बाटली टाकून जुनीकडेच जातात.

हाँगकाँगचा क्रीम सोडा मला वेगळ्या कारणासाठी आवडतो. तिथल्या 'चा चान तेंग' म्हणजे साध्या, गजबजलेल्या चहाखान्यांत क्रीम सोड्यात थंडगार दूध घालून देतात. दूध आणि गॅसवालं पेय एकत्र हे ऐकून कुणाही मराठी माणसाच्या मनात दूध नासण्याची भीती येईल. ती भीती रास्त आहे, पण या पेयापुरती ती खरी ठरत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट. तो ४.६ च्या आसपास आला की दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. कोलाचा पीएच अडीचच्या घरात. क्रीम सोड्याला आंबटपणा जवळपास नकोच असतो; त्याचा पीएच साधारण ४ च्या आगेमागे. त्यात भरपूर दूध पडलं की मिश्रण धोक्याच्या रेषेच्या वर राहतं. मी प्रयोगशाळेत दोन ग्लास शेजारी ठेवून पाहिलं. कोला आणि दूध असलेल्या ग्लासात थोड्या वेळानं तपकिरी गाळ खाली बसला आणि वर पिवळट पाणी राहिलं. क्रीम सोड्याच्या ग्लासात दुधाळ रंग एकसारखा टिकला, वर बोटभर दाट फेस आला. अमेरिकेतल्या जुन्या कृतींमधलं अंडं आणि दूध ज्या फेसासाठी होतं तोच हा फेस, जगाच्या दुसऱ्या टोकाला नव्यानं परत आलेला.

या सौम्यपणाची किंमत बॉटलरला मोजावी लागते. सोडियम बेन्झोएट हे नेहमीचं परिरक्षक आंबट पेयात चांगलं काम करतं. आंबटपणा कमी झाला की त्याचा जोरही कमी होतो. म्हणून क्रीम सोडा बनवणाऱ्याला पाणी, बाटल्या, नळ्या यांची स्वच्छता लिंबू सोडावाल्यापेक्षा कसोशीनं सांभाळावी लागते. जे पेय पिताना सगळ्यात साधं वाटतं तेच कारखान्यात सगळ्यात जास्त लक्ष मागतं.

जपानची गोष्ट औषधाच्या दुकानापासून सुरू होते. तोक्योच्या गिन्झा भागात शिसेइदो या औषधविक्रेत्यांनी १९०२ साली दुकानात सोडा फाउंटन सुरू केला आणि सोडा आणि आईसक्रीम विकायला सुरुवात केली. आज जपानच्या जुन्या पद्धतीच्या कॉफीगृहांत 'क्रीम सोडा' म्हटलं की उंच ग्लासात खरबुजाचा चमकदार हिरवा सोडा, बर्फ, वर व्हॅनिला आईसक्रीम आणि एक लाल चेरी येते. इथे व्हॅनिला सोड्यात नाहीच; तो वरच्या गोळ्यात आहे आणि वितळत वितळत खाली उतरतो. त्यामुळे या पेयाची चव पहिल्या घोटाला वेगळी आणि शेवटच्या घोटाला वेगळी. बाटलीत ही चव बसवायची मागणी आली की आम्हाला ठरवावं लागतं, पहिला घोट द्यायचा की शेवटचा. मी नेहमी मधला निवडते, आईसक्रीम अर्धं विरघळलेलं असतं तेव्हाचा.

दुबईच्या बाजारात कामानिमित्त फिरताना मी पेयांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहते. साऱ्या जगातून आलेली माणसं तिथे राहतात, त्यामुळे त्यांच्या बाटल्याही तिथे शेजारी शेजारी असतात. कराचीची पाकोला तिथेच मी पहिल्यांदा प्यायले. १९५० साली सुरू झालेलं हे पेय स्वतःला आईसक्रीम सोडा म्हणवतं, रंग गडद हिरवा. माझ्या जिभेला त्यात व्हॅनिलाबरोबर गुलाबाकडे झुकणारा, मिठाईच्या दुकानाची आठवण करून देणारा वास लागला. कराचीत ते दुधात घालूनही पितात. पंजाबात, सीमेच्या दोन्ही बाजूंना, दूध-सोडा आहेच. घोट घेतला आणि मला आमच्या सरांची दुसरी पट्टी आठवली. तो थेंब गुलाबाचा होता.

प्रत्येक देशाच्या बाटलीवर इतका वेळ थांबता येणार नाही, पण दोन नावं घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेरूमध्ये १९३५ साली, लिमा शहराच्या स्थापनेला चारशे वर्षं झाली त्या निमित्तानं, लिंडली कुटुंबानं इन्का कोला काढला. सोनेरी पिवळा, लिंबाच्या वासाच्या 'येर्बा लुइसा' या पानांशी नातं सांगणारा, तरी गोडीनं क्रीम सोड्याच्या कुळातला. पेरूच्या लोकांनी त्यावर इतकं प्रेम केलं की कोका-कोलाला त्याच्याशी स्पर्धा सोडून १९९९ साली भागीदारी करावी लागली. दुसरं नाव जॉर्जियाच्या मित्रोफान लागिद्झे यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुताइसीमध्ये त्यांनी नैसर्गिक अर्कांची पाकाची पेयं सुरू केली आणि पुढे तिबिलिसीत 'लागिद्झेचं पाणी' प्रसिद्ध झालं. त्यात तारागॉनच्या हिरव्या पेयाबरोबर क्रीमचं पेयही होतं. उंच काचनळ्यांतल्या पाकात समोर सोडा मारून देण्याची त्यांची रीत आपल्याकडच्या सोड्याच्या गाडीला फार जवळची आहे.

आपल्याकडे हे पेय आलं ते मुख्यतः पारशी आणि इराणी मंडळींच्या हातून. मुंबईत पालनजी, १८८९ साली सुरू झालेलं ड्यूक्स, पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर. कॅम्पातल्या एका चौकाला आजही शरबतवाला चौक म्हणतात. रासबेरी, जिंजर, लेमन आणि आईसक्रीम सोडा ही त्यांच्या कपाटातली ठरलेली मंडळी. त्यांच्या पाठोपाठ तालुक्यातालुक्यांत छोटे सोडा कारखाने निघाले, बहुतेक एका खोलीचे, गोटीच्या बाटल्यांचे. गोटीची बाटली हायरम कॉड यांनी इंग्लंडमध्ये १८७२ साली पेटंट केली; ती तिथून कधीच गेली, आपल्या एसटी स्टँडांवर मात्र ती कितीतरी वर्षं फट् असा आवाज करत राहिली.

सांगली जिल्ह्यातल्या अशाच एका कारखान्याचे मालक माझ्याकडे आले. त्यांचा जुना एसेन्स पुरवणारा व्यापारी धंदा बंद करून गेला होता आणि उरलेला एसेन्स तळाशी बोटभर राहिलेली एक बाटली त्यांनी पिशवीतून आणली होती. "ताई, एवढंच राहिलंय. असंच करून द्या," ते म्हणाले. आम्ही त्याचं पृथक्करण केलं. व्हॅनिलिन, इथाईल व्हॅनिलिन, केळ्याच्या वासाचा एस्टर, किंचित अननस. हुबेहूब जुळवलं आणि नमुना पाठवला. त्या मालक काकांचा फोन आला, "चांगलं झालंय हो. पण आपलं न्हाय ते."

तेव्हा मी कारखान्यावरच गेले. पहाटे पाक चढवला होता. पितळेच्या मोठ्या कलई केलेल्या पातेल्यात साखर उकळत होती. काका त्यात लिंबाचा रस मारून वर येणारी मळी झाऱ्यानं काढत होते, आणि मळी निघाल्यावरही पाक तसाच मंद आचेवर ठेवत होते. वाफेला बेताचा, भाजलेल्या साखरेचा वास होता. लिंबाच्या आम्लानं आणि तासभराच्या उष्णतेनं साखरेचा काही भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि पाकाला हलका सोनेरी रंग आणि खमंगपणा येतो. आमच्या प्रयोगशाळेत साखर साध्या पाण्यात थंडच विरघळवतात. काकांचा एसेन्स त्या थंड पाकात घातला असता तरी 'आपलं' झालं नसतं. पाक गार झाल्यावर काकांनी त्यात आमचा एसेन्स घातला, यंत्राच्या चौकटीत बाटल्या अडकवल्या, चाक फिरवलं. बाटली उलटी झाली, गॅस आत शिरला, सुलटी होताना गोटी रबरी कड्यावर घट्ट बसली. पहिली बाटली त्यांनी कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दिली. तो पिऊन म्हणाला, "हां, ह्योच." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "लिंबू सोड्याला लिंबू हाय, ताई. ह्याला कोण हाय? आमच्यासारखी म्हातारी माणसंच की."

त्यांचं ते वाक्य मी तेव्हापासून मनाशी धरून आहे. देशोदेशीच्या बॉटलरांबरोबर काम करून मला जे थोडंथोडं उमगत होतं ते त्यांनी एका दमात सांगितलं. आंब्याचं पेय बनवणारे सगळे कारखाने उद्या बंद झाले तरी परवा कुणीतरी हापूस समोर ठेवून ते पुन्हा बनवू शकेल. सांगलीचा आईसक्रीम सोडा एकदा गेला की त्याला परत आणायला काहीच उरत नाही, कारण तो कुठल्या झाडावर येत नाही. तो काही माणसांच्या जिभेवर आहे, आणि एका पातेल्याच्या उष्णतेत. दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्याला, हाँगकाँगच्या दुधाळाला मोठ्या कंपन्यांचा आधार आहे. आपल्या तालुक्यांच्या सोड्याला तो नाही. पोरं शहरात जातात, प्लॅस्टिकच्या बाटल्या येतात, एसेन्सचा व्यापारी दुकान बंद करतो, आणि त्याच्याबरोबर एक चव अशी निघून जाते की ती होती हे सांगायलाही काही राहत नाही.

म्हणून मी आता एक काम नेमानं करते. कुणीही छोटा बॉटलर माझ्याकडे आला की एसेन्सबरोबर त्याच्या पेयाची पूर्ण हकीकत लिहून घेते. पाक कसा करतात, किती वेळ उकळतात, भांडं कुठलं, पाणी विहिरीचं की नळाचं, आम्ल कुठलं आणि किती, रंग घालतात का, गॅस किती मारतात, बाटली कुठली, आणि ते पेय कोण, कधी पितं. मूळ एसेन्स उरला असेल तर त्याचं पृथक्करण करून तक्ताही त्याच कागदाला जोडते. एक प्रत मालकाला देते. त्याच्या लेकीला-सुनेला समोर बसवून वाचायलाही लावते, कारण उद्या कारखाना त्याच चालवतील अशी माझी इच्छा आहे.

आंब्याच्या, काजूच्या जाती जपायला दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. अन्नप्रक्रियेच्या संशोधनाला म्हैसूरला १९५० पासून मोठी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्रातल्या अन्नतंत्राच्या विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत आपापल्या तालुक्यातला जुना सोडा कारखाना गाठला, पहाटे पाक चढताना तिथे उभं राहून काट्यावर मोजून सगळं टिपून घेतलं, तरी या चवींची पहिली विश्वासार्ह नोंद तयार होईल. त्यासाठी निधीची वाट पाहायला नको. एक वही, एक वजनकाटा, एक थर्मामीटर आणि मालकाची परवानगी पुरेशी आहे. ज्यांच्या जिभेवर ही चव आहे ती माणसं अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होऊ शकतं.